अडीचपटीचा नियम आणि विमानाची ट्रॉली

गिऱ्हाईक ट्रॉलीची लांबी खरी सांगते, रुंदीही खरी सांगते. वजन मात्र खोटे सांगते. यात त्याचा हेतू वाईट नसतो. पूर्ण वजन ऐकून कारागीर घाबरेल, अशी त्याला मनापासून काळजी असते. 'थोडी वाळू न्यायची' म्हणणारा माणूस नदी उचलून आणतो. 'दोन टन ऊस' म्हणणाऱ्याची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढते तेव्हा काटेवाला आधी ट्रॉलीकडे आणि मग आभाळाकडे बघतो. म्हणून आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. सांगितलेल्या वजनाच्या अडीचपट धरायचे आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचे नाही.

मी या धंद्यात आलो तो वर्तमानपत्रातून. लातूरच्या एका दैनिकात दहाएक वर्षे बातम्या लिहिल्या, इतरांच्या दुरुस्त केल्या. मग मेहुण्याच्या वर्कशॉपचा कारभार बघायला काही महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. तिथले मुख्य मिस्त्री खाजाभाई मला 'एडिटरसाब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

बाहेरच्या माणसासाठी ट्रॉली म्हणजे काय ते सांगतो. लोखंडी चॅनलचा सांगाडा, त्याखाली एक्सल, दोन किंवा चार चाके, आणि पुढे ट्रॅक्टरला जोडायचा हूक. सांगाडा आणि एक्सल यांच्यामध्ये पाटे असतात. पाटे म्हणजे पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या. पट्ट्या जितक्या जास्त, तितके ओझे जास्त पेलते. वजन पडले की पाटे वाकतात आणि रस्त्याचा धक्का पितात. वजनच कमी पडले तर ते वाकत नाहीत, धक्का जसाच्या तसा वर पाठवतात. हे शेवटचे वाक्य आमच्या भागात कुणाला माहीत असायचे कारण नव्हते. कमी वजन कुणी कधी भरलेच नव्हते.

अडीचपटीचा नियम भूकंपात पक्का झाला. त्याआधी तो नुसता अंदाज होता. भूकंपानंतर पडलेल्या गावांतला मलबा उचलायला बाहेरून आलेल्या एका मंडळाने आमच्याकडून ट्रॉल्या करून घेतल्या. त्यांच्या व्यवस्थापकाने 'थोडे दगड आणि माती' असे सांगितले होते. तिकडच्या घरांच्या भिंती हातभर नव्हे, दोन-दोन हात रुंदीच्या, त्याही दगडाच्या. ज्या भिंतींनी घरातली माणसे दाबली, त्यांनी पहिल्या खेपेला आमचा एक्सलही मोडला. ट्रॉली गावाच्या एकुलत्या वाटेवर आडवी पडली. त्या दिवसापासून खाजाभाईंनी गिऱ्हाइकाच्या तोंडचा आकडा ऐकणेच सोडले.

पुढची दोन-तीन वर्षे आम्ही ट्रॉल्या कमी आणि पत्र्याची शेड जास्त बनवली. त्याच काळात भूकंपग्रस्त गावातला एक तरुण मास्तर वर्कशॉपमध्ये आला. त्याला शेड नको होते, ते त्याला सरकारने दिले होते. त्याला गुळगुळीत पत्रा हवा होता, काळा रंग मारलेला, भिंतीला टांगता येईल असा. फळा म्हणून. पत्र्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या फळ्यावर तो गणित शिकवणार होता. त्याचे नाव भागवत. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये बसणारी मुले गणिताला घाबरली नाहीत याचे मला आश्चर्य वाटले नाही. त्याहून कठीण काय असते ते त्यांनी पाहिले होते.

मग लातुरात क्लासचे दिवस आले. दहावीचा निकाल लागला की नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबादहून आईबाप मुलांना घेऊन बसने उतरत. मुलाच्या एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात गुणपत्रिका असे. गावात घरे कमी आणि खोल्या जास्त झाल्या. आमचे वर्कशॉप शेडवरून बाकांवर आले. 'तिघांचा बाक' म्हणून ऑर्डर यायची, आम्ही पाचांचा बनवायचो, आणि त्यावर सहा बसायचे. बाकांपाठोपाठ जाहिरातींचे सांगाडे आले. नुसत्या फलकावर निकालाचे फोटो लावून भागेना, तेव्हा एका क्लासने गच्चीवर रॉकेट उभे केले. ते आम्हीच केले होते, धान्याच्या दोन पत्र्याच्या कोठ्या एकावर एक जोडून. खालची कोठी उदगीरच्या एका अडत्याची होती. रंगाखाली त्याचे नाव अजूनही असेल.

त्या रॉकेटासमोरच भागवत सरांची नवी तीन मजली इमारत उभी राहिली होती. पत्र्याच्या फळ्यावाल्या मास्तरचे आता 'सर' झाले होते आणि त्यांच्याकडे तीन बॅचमध्ये मुले मावत नव्हती. रॉकेटाला उत्तर देणे भाग होते. एके दिवशी सर वर्कशॉपमध्ये आले आणि उभ्या उभ्या म्हणाले की त्यांनी विमान घेतले आहे.

खाजाभाईंनी वेल्डिंगचा चष्मा वर केला.

विमान खरे होते. नांदेडच्या धावपट्टीजवळ कधीकाळी एका खाजगी माणसाने वैमानिक घडवण्याची शाळा काढली होती. वैमानिक घडण्याआधी शाळा बंद पडली, तिचे दोन आसनी छोटे विमान शेडमध्ये पडून राहिले. इंजिन उडण्यालायक उरले नव्हते. सरांनी ते भंगार म्हणून घेतले होते. बेत असा, की विमान लातूरला आणायचे, गच्चीवर लोखंडी खांब उभारायचा आणि क्रेनने उचलून त्यावर बसवायचे, नाक आभाळाकडे करून. प्रवेश सुरू होण्याच्या दिवशी ते रॉकेटाहून उंच दिसले पाहिजे. आमचे काम ट्रॉली आणि खांब.

सरांची अट एकच होती. "अख्खं आलं पाहिजे. मोडकं आईला दाखवायचं न्हाई."

क्लासच्या जाहिरातीत आईचा काय संबंध, असा प्रश्न माझ्या मनात आला. बातमीदाराने न विचारलेला प्रश्न सहसा आपण होऊन उत्तर देतो, म्हणून मी विचारला नाही. पुढे गच्चीची मापे घ्यायला गेलो तेव्हा सरांची आई पाहिली. म्हातारी खालच्या मजल्यावर राहत असे. आम्ही फीत धरून उभे असताना वरून कुठलेसे विमान गेले, बरेच उंचावरून. म्हातारी घरातून अंगणात आली. आवाज पूर्ण विरेपर्यंत वर तोंड करून उभी राहिली आणि आत गेली. सरांनी मान वर केली नाही. फितीवरचा आकडा मला पुन्हा सांगितला.

विमान बघायला आम्ही नांदेडला गेलो. शेडमध्ये गंगाधरराव भेटले. ते मूळचे उमरीचे, त्या शाळेचे मेकॅनिक. शाळा गेली तरी ते आठवड्यातून एकदा येऊन विमान पुसून जात. त्यांना पगार कुणी देत नव्हते आणि थांबवतही कुणी नव्हते. त्यांचीही अट होती. पंख कापायचे नाहीत, बोल्ट काढून सोडवायचे. ट्रॉलीसोबत ते स्वतः येणार.

खाजाभाईंनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोटाने टिचकी मारून पत्रा वाजवला आणि वजन विचारले.

"पाच क्विंटलच्या आत," गंगाधरराव म्हणाले. "दोघं मिळून शेपटी उचलून फिरवून राहिलो आमी इतकी वर्षं."

खाजाभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाच क्विंटल तो भैंस रहती, एडिटरसाब. ये जहाज है."

दाराच्या आत एक धातूची पट्टी होती, तिच्यावर वजन कोरलेले होते. मी ते वाचले आणि खाजाभाईंना सांगितले. छापलेल्या मजकुराविषयी त्यांचे मत माझ्या आधीच्या नोकरीमुळे फार चांगले नव्हते. परतीच्या बसमध्ये त्यांनी हिशेब पूर्ण केला. पाचाचे अडीचपट साडेबारा. त्यात विमान म्हणून थोडे जास्त. त्यात सर मागून आणखी काय भरतील ते. ऊस ट्रॉलीसाठी आणलेले नऊ-नऊ पट्ट्यांचे पाटे वर्कशॉपमध्ये पडून होते. तेच लावायचे ठरले.

ट्रॉली उत्तम झाली, हे आजही सांगतो. दोन चाकी, लांब, बुटकी. विमानाची चाके बसतील असे चॅनलचे पन्हाळे, शेपटीखाली लाकडी ओंडक्याची खाच, आणि दोन्ही कडांना पंख उभे ठेवायला लाकडी बेचके. लोखंड पंखाला लागू नये म्हणून बेचक्यांत वाकळी, म्हणजे गोधड्या, गुंडाळल्या. त्या खाजाभाईंच्या घरून आल्या होत्या, त्यांतली एक लाल फुलांची होती. तिच्यावर घरात वाद झाल्याचे नंतर कळले.

रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरमागे नांदेडला नेली तेव्हा ती इतकी उडाली की मागचा लाल दिवा गळून पडला. खाजाभाई शांत होते. म्हणाले, "खाली हाय म्हणून. भरल्यावर बसंल." या एका वाक्यात आमच्या पिढीचे सगळे यंत्रज्ञान होते आणि त्या दिवसापर्यंत ते चुकले नव्हते.

विमान चढवणे सोपे गेले. आठ जणांनी ढकलले आणि ते फळ्यांवरून वर गेले. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. आठ जणांनी ऊस ट्रॉली हलत नाही. ट्रॅक्टरवर आमचा ड्रायव्हर, त्याच्या शेजारी मडगार्डवर खाजाभाई, मागून सरांची जीप. जीपमध्ये सर, गंगाधरराव आणि मी.

नांदेड मागे पडले, डांबर संपून खडीचा पट्टा लागला आणि विमान नाचू लागले. पाट्यांना वर काही ठेवले आहे याची खबरच नव्हती. खड्डा आला की ट्रॉली उडे, ट्रॉली उडाली की विमान तिच्याहून उंच उडे. शेपटी गोमाशी बसलेल्या वासरासारखी झटके देत होती. कुठून तरी एक स्क्रू निघून आमच्या काचेवर आपटला. गंगाधरराव चालत्या जीपमधून उतरले, धावत पुढे गेले आणि ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले.

"इतकी वर्षं हवेतले हादरे खाऊन टिकलं हे," ते खाजाभाईंना म्हणाले. "तुमच्या ट्रॉलीवर लोहा गावापर्यंत टिकंना."

मराठवाड्यात पहिल्यांदाच एका माणसाने वजन खरे सांगितले होते, आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

नीट उपाय म्हणजे पाटे सोडवून चार-पाच पट्ट्या काढणे. त्याला विमान उतरवावे लागणार, जॅक लागणार. सरांनी दुसरा उपाय काढला. पट्ट्या किती, रुंदी किती, जाडी किती, असे खाजाभाईंना विचारून ते रस्त्याकडेच्या धुळीत काडीने गणित करू लागले. पाटे नीट वाकायला किती वजन घालावे लागेल, ते काढायचे होते. समीकरण बाभळीच्या सावलीत सुरू झाले आणि उन्हात गेले. उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत आले.

तोवर लोह्याच्या बाजाराला निघालेली माणसे जमली होती. आमच्याकडे ट्रॉली उभी दिसली आणि तिच्यात जागा असली, की लोक विचारत नाहीत, बसतात. विमान आहे म्हणून कुणी थांबले नाही. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन विमानाच्या पोटाखाली बसली. दोन म्हातारे पंखाला टेकले, त्यांना गंगाधररावांनी सरकवले. वीस-पंचवीस जण झाले, तेव्हा ड्रायव्हरने सवयीने ट्रॅक्टर सुरू केला आणि हलवला. विमान नाचले नाही.

खाजाभाईंनी खाली वाकून पाटे पाहिले. मग सरांना म्हणाले, "हिसाब पोंछ डालो सर. पब्लिक बैठी, पाटे बैठे."

लोह्यापर्यंतचा प्रवास झकास झाला. वाटेत लोक विचारत होते की कुठल्या मंत्र्याचे पडले, आणि ट्रॉलीतले लोक वेगवेगळ्या मंत्र्यांची नावे सांगत होते. पण बाजार आला आणि माणसे उतरली. सर जीपमधून उतरून त्यांना अहमदपूरपर्यंत चला म्हणून विनवू लागले. एरवी ज्यांची भेट मिळायला पालकांना दोन-दोन तास बसावे लागे, ते सर कोंबड्यांच्या बाईला थांबवत होते. एका शेतकऱ्याला त्यांनी त्याच्या मुलाच्या भवितव्याबद्दल फुकट मार्गदर्शन देऊ केले.

"पोरगं दुसरीत हाय," तो म्हणाला. "अन् अहमदपूरला माझं काय काम?"

शेवटी विमान वाचवले ते सरांच्या नोट्सनी. त्यांच्या क्लासच्या नोट्स नांदेडच्या छापखान्यात छापल्या जात, आणि वर्षभराचा साठा घेऊन टेम्पो त्याच दिवशी, त्याच रस्त्याने मागून येत होता. आम्ही लिंबाखाली त्याची वाट बघत बसलो. टेम्पो आला तेव्हा सर आधी तयार नव्हते. विमानाचे तेल गळाले तर, वरून धूळ बसली तर, असे त्यांचे म्हणणे. गंगाधरराव म्हणाले, इंजिनात तेल असते तर मी तुम्हाला विमान दिले नसते. गठ्ठे उतरवले आणि एक्सलच्या बरोबर वर रचले. भौतिकशास्त्र सर्वात जड, ते तळाला. त्यावर रसायन, मग जीवशास्त्र. "गणित वर राहू द्या," सर म्हणाले. पाटे खाली आले. विमान पाळण्यात ठेवल्यासारखे चालू लागले. त्या नोट्सचा इतका थेट उपयोग मी नंतर कुठे पाहिला नाही.

अहमदपूरच्या अलीकडे हवालदाराने हात केला. ट्रॅक्टरचे कागद बघितले, ट्रॉलीचे बघितले. मग विमानाकडे बोट दाखवून याचे कागद मागितले. सरांनी ते चालत नसल्याचे सांगितले. चालत नाही तर वाहन नव्हे, माल झाला, असा हवालदाराने निर्णय दिला आणि मालाची पावती मागितली. पावतीवर 'भंगार' लिहिले होते. हवालदाराने लाल फुलांची वाकळ दोन बोटांत धरली.

"भंगाराला वाकळ पांघरून नेतेत व्हय? आमच्या घरी पाव्हण्याला देत न्हाईत असली."

खाजाभाई म्हणाले, "हमारे घर में बी नै देते साब. इसीच पर झगडा हुआ."

ही साक्ष हवालदारांना पावतीपेक्षा पटली असावी, कारण त्यांनी आम्हाला सोडले.

दिवस मावळताना अहमदपूरला थांबलो. हॉटेलच्या बाकड्यावर चहा घेताना सरांनी तो न विचारलेला प्रश्न सोडवला. आवाज वर्गातल्यासारखाच होता, पायरी पायरीने सांगणारा. भूकंपाच्या पहाटे ते आणि आई अंगणात झोपले होते म्हणून वाचले. वडील आत होते. उजाडल्यावर दगडांखालून वडिलांचा आवाज येत होता. माणसे अपुरी, हत्यारे नाहीत. दुपारी पाहणी करायला विमान आले, खालून गेले, वळून पुन्हा आले. आईने पदर काढून हलवला. तिला वाटले, दिसले म्हणून वळले. मग ते गेले. आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

"तवापासून इमान गेलं की ती बाहेर येती," सर म्हणाले. "म्हणून म्हनलं, एक आणूनच ठिवावं. दारात."

मग त्यांनी चहाचे पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी क्रेन किती वाजता येणार ते मला विचारले. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी-शेजारी होत्या, आणि एकीने दुसरीला धक्का लागत नव्हता. रॉकेटाहून उंच ठेवायचे ते आईसाठी, आणि आईसाठी ठेवायचे ते प्रवेशांच्या दिवशी. मी वर्तमानपत्रात असतो तर यातली एकच बाजू छापली असती. कोणती, ते त्या दिवशीच्या जागेवर ठरले असते.

दुसऱ्या दिवशी चाकूरला एका कार्यकर्त्याने आमच्या नकळत विमानाला हार घातला आणि आपल्या नेत्याच्या नावाने घोषणा दिल्या. आष्टामोडला एका बाईने विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू लावले. दुपारी लातुरात शिरलो तेव्हा बँड तयार होता, क्रेन तयार होती, पालक रांगेत होते. समोरच्या क्लासची मुले रॉकेटाखालच्या गच्चीत उभी राहून बघत होती. गंगाधररावांनी पंख जोडायला घेतले. विमान अख्खे होते. एक खिडकीची पट्टी सैल झाली होती, ती त्यांनी कुणाला दिसू दिली नाही.

सर आईला हात धरून बाहेर घेऊन आले. बँड आपोआप थांबला.

म्हातारी विमानाभोवती हळूहळू फिरली. चाकाला हात लावला. ट्रॉलीतल्या नोट्सच्या गठ्ठ्यांकडे बघितले. मग खिडकीकडे बोट करून गंगाधररावांना विचारले, "ह्यातून बगतेत व्हय खाली?"

गंगाधररावांनी दार उघडले. दोघा-तिघांनी आधार देऊन तिला गठ्ठ्यांवरून वर चढवले. ती वैमानिकाच्या जागेवर बसली. पदर नीट केला. तिथून सर तिला जवळच दिसत होते, पण तिने हाताने खूण करून त्यांना मागे जायला सांगितले. सर फाटकापर्यंत गेले. आणखी, असे तिने खुणावले. सर रस्ता ओलांडून रॉकेटवाल्या क्लासच्या पायऱ्यांजवळ जाऊन उभे राहिले. मध्ये पालकांची रांग होती, ती दोन्हीकडे सरकली.

"रुमाल हलीव," ती म्हणाली. निरोप माणसांनी पुढे पोचवला.

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि हलवला.

म्हातारी काचेतून बराच वेळ बघत राहिली. मग तिने आमच्याकडे मान वळवली. आवाज चढलेला नव्हता.

"दिसतंय की चांगलं हितून."

सर परत आले, तेव्हा तिने त्यांना एवढेच सांगितले की हे वर चढवू नको. वर गेले की त्याला खालचे दिसत नाही. इथेच असू दे.

क्रेनवाल्याला परत पाठवले. गच्चीवरचा खांब मोकळाच उभा राहिला. पुढे त्यावर पाण्याची टाकी बसवली. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी होती, 'लातुरात विमान दाखल'. केव्हा, कुठे, कुणाचे, सगळे होते. कसे, तेवढे नव्हते. रॉकेट उंच राहिले ते राहिलेच, पण प्रवेश सरांकडे जास्त झाले. विमानाला हात लावता येत होता आणि रॉकेटाला येत नव्हता, असे पालकांचे म्हणणे पडले. समोरच्या क्लासने पुढच्या वर्षी रॉकेट खाली उतरवून द्याल का म्हणून विचारले. खाली आणले तर रंगाखालचे अडत्याचे नाव दिसेल, हे आम्ही सांगितले नाही.

ट्रॉली आमच्याकडे परत आली नाही. ती तशीच विमानाखाली राहिली. नोट्स काढून घेतल्या तेव्हा पाटे पुन्हा वर आले आणि विमान चार बोटे उंच झाले. म्हातारीला चढायला त्रास होऊ लागला, म्हणून खाजाभाईंनी जाऊन गठ्ठ्यांच्या जागी फरशीचे तुकडे भरले. ती रोज दुपारी तिथे बसायची. दारात येणाऱ्या पोरांना वरूनच हटकायची, चपला नीट काढा, सायकल आडवी लावू नका. मुलांनी तिचे नाव 'पायलट आजी' ठेवले होते, तिला ते ठाऊक होते. वरून विमान गेले तर ती आता उठत नसे. क्वचित मान वर करी, ओळखीच्या पण बोलायच्या नसलेल्या माणसाकडे बघावे तशी.

ती गेली त्यानंतर काही वर्षांनी सरांनी रेणापूर रस्त्याला मोठी जागा घेतली. वसतिगृह, मैदान, सगळे. विमान तिकडे हलवायचे होते. मधल्या काळात पत्रा पांढरा पडला होता, ट्रॉलीची चाके जमिनीत बसली होती. पंख सोडवायला आणि नव्या जागेत पुन्हा जोडायला गंगाधरराव उमरीहून यायचे होते. विमान ठेवायला नवा सांगाडा हवा होता, तो सांगायला सर वर्कशॉपमध्ये आले. आम्हाला वाटले, आता तरी उंच खांब असेल. जागा मोकळी होती, फाटक रस्त्यावर होते, चार कोसांवरून दिसले असते.

खाजाभाईंनी उंची विचारली.

"ट्रॉली हाय तेवढी," सर म्हणाले. "आई बसायची तेवढी."

खाजाभाईंनी जाऊन ती उंची मोजली, फरशीच्या तुकड्यांसकट दबलेली. सांगाडा त्याच मापाचा केला. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या आकड्यात आम्ही काहीही वाढवले नाही, असे ते आमच्या वर्कशॉपमधले पहिले काम.